‘कळमनुरी’ या नांवांतील पंधरावा बाइट

(१)

जुन्या कागदाची नक्कल करतांना जें अक्षर लागत नाहीं त्याची जागा मोकळी सोडावी, तेथें खूण करावी, आणि आपला तर्क असेल तो निराळा लिहावा. मूळच्या ओळींत तो मिसळूं नये, हा नियम आपल्याकडील संशोधकांत आतां वादाचा राहिलेला नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ मध्यें प्रसिद्ध केला. तेव्हांपासून अस्सल, नक्कल आणि संपादकाचा तर्क या तीन वस्तु वेगळ्या ओळखण्याचें वळण महाराष्ट्रांत पडत गेलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जिचें काम १९६६ मध्यें पुरें झालें, ज्या पाठाविषयीं संपादकाची पुरती खात्री नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. ती रेघ पाहून वाचकाचा संपादकावरील विश्वास कमी होत नाहीं. उलट जेथें रेघ नाहीं तेथील पाठावर त्याला निर्धास्तपणें विसंबतां येतें.

आतां आपलीं दफ्तरें, हस्तलिखितांच्या याद्या व ग्रंथांच्या सूचि संगणकांत जात आहेत. तेथें एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणीं नेणारा नक्कलकार हा माणूस नसून आज्ञावली आहे. तिलाहि न लागणारें अक्षर वरचेवर भेटतें. अशा वेळीं ती काय करते, आणि तिनें काय करावें हें आज्ञावली रचणारा कोणत्या न्यायानें ठरवितो, याचें परीक्षण संग्राहकांनीं व संशोधकांनीं केलें पाहिजे. हा प्रश्न केवळ कारागिरांचा नव्हे. न लागलेलें अक्षर गुपचूप वगळून पुढें जाण्याची जी रीत या कामांत रूढ झाली आहे ती संपादनाच्या कसोटीस उतरत नाहीं. ती सोईची असली तरी तिनें पुरावा नष्ट होतो, आणि नष्ट झाल्याची नोंदहि उरत नाहीं. एवढें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. संगणक अक्षरें ठेवीत नाहीं, आंकडे ठेवतो. ० ते २५५ यांपैकीं एक आंकडा मावेल एवढ्या जागेस बाइट म्हणतात. कोणत्या आंकड्यावरून कोणतें अक्षर समजावें याविषयींचा करार म्हणजे संकेतपद्धति होय. लिहिणारा व वाचणारा यांचा करार एक असेल तर मजकूर लागतो. नसेल तर मोडीचा सराव नसलेल्या मनुष्यापुढें पेशवाई रुमाल उघडावा तशी गत होते. आज बहुतेक सर्वत्र चालणारा करार म्हणजे युनिकोड, आणि त्यांतील अक्षरें बाइटांत मांडण्याची प्रचलित रीत म्हणजे यूटीएफ-८. ही रीत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ मध्यें रचली. तिच्यांत साध्या इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी अक्षरास तीन, आणि मोडी अक्षरास चार.

उदाहरणादाखल एक ग्रामनाम घेऊं. कळमनुरी हें हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं हा तालुका परभणी जिल्ह्यांत होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. या नांवांत संगणकाच्या हिशेबानें सात चिन्हें आहेत: क, ळ, म, न, ऱ्हस्व उकार, र आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येकास तीन याप्रमाणें बाइट एकवीस होतात. ते असे: क म्हणजे २२४, १६४, १४९, ळ म्हणजे २२४, १६४, १७९, म म्हणजे २२४, १६४, १७४, न म्हणजे २२४, १६४, १६८, उकार म्हणजे २२४, १६५, १२९, र म्हणजे २२४, १६४, १७६, आणि वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८.

या रांगेंत अपुरा तुकडा आला कीं वाचणारी आज्ञावली अडते. समजा, एखाद्या यादींत गांवाच्या नांवासाठीं वीसच बाइटांचा रकाना ठेवला आहे. मग एकविसावा बाइट बाहेर पडतो. शेवटच्या वेलांटीचे २२४ व १६५ एवढेच दोन शिल्लक राहतात, आणि ते कोणत्याच अक्षराचे होत नाहींत. येथें दोष रकान्याच्या रुंदीचा आहे, आणि अक्षराची हद्द न पाहतां मध्येंच कात्री चालविणाऱ्याचा आहे. परंतु त्याचें प्रायश्चित्त मात्र पुढील वाचणाऱ्यास घ्यावें लागतें.

(३)

याहून अधिक शिकविणारी विकृति निराळी आहे. यूटीएफ-८ मध्यें लिहिलेला मजकूर पुष्कळदां ‘विंडोज-१२५२’ या युरोपीय करारानें वाचला जातो. त्या करारांत एक बाइट म्हणजे एक चिन्ह. म्हणून कळमनुरीच्या सात चिन्हांऐवजीं एकवीस चिन्हें दिसावयास हवीं. २२४ चा फ्रेंच आघातयुक्त ‘आ’ होतो, १६४ ची चलनाची वाटोळी खूण होते, १६५ ची येन नाण्याची, १७६ ची तपमानाच्या अंशाची व १२८ ची युरोची. दर तिसऱ्या स्थानीं तोच फ्रेंच ‘आ’ पुनः पुनः येतो आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा तीच वाटोळी खूण. ही जोडी एखाद्या सूचींत दिसली कीं मूळ मजकूर देवनागरी होता असें बेलाशक समजावें. ही विकृति दिसावयास भयंकर, पण ती नियमबद्ध असल्यामुळें उलटी फिरवितां येते. चिन्हांचे पुन्हा आंकडे करावे आणि ते योग्य करारानें वाचावे, म्हणजे कळमनुरी जसेंच्या तसें परत मिळतें.

मात्र एक अडचण आहे. विंडोज-१२५२ च्या करारांत पांच आंकड्यांस चिन्हच दिलेलें नाहीं: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. कांहीं आज्ञावल्या या पांचांस अदृश्य नियंत्रणचिन्हें समजून पुढें नेतात, आणि त्यांचें तें करणें या कामापुरतें तरी निरुपद्रवी ठरतें. कांहीं अडतात. आणि ज्यांना ‘न लागेल तें वगळ’ अशी आज्ञा दिलेली असते त्या हे बाइट टाकून देतात. कळमनुरीच्या रांगेंतील पंधरावा बाइट १२९ आहे. तो गेला कीं ऱ्हस्व उकाराचे २२४ व १६५ एवढेच उरतात. पुढें कोणी ही विकृति उलटी फिरवूं लागला म्हणजे तो याच जागीं पुन्हा अडतो. त्यानेंहि वगळण्याचीच आज्ञा दिली तर हे दोन बाइटहि जातात आणि हातीं ‘कळमनरी’ येतें. नांव सुवाच्य आहे, प्रत्येक अक्षर शुद्ध देवनागरी आहे, कोठेंहि चौकट नाहीं कीं प्रश्नचिन्ह नाहीं. फक्त तें गांव हें नव्हे.

या पांच आंकड्यांवरून एक उपयुक्त नियम निघतो, आणि जुन्या संगणकीय याद्या चाळणाऱ्यांनीं तो जवळ ठेवावा. या मार्गानें भ्रष्ट झालेल्या मराठी मजकुरांतून प्रामुख्यानें ऱ्हस्व उकार, जोडाक्षराचा पाय मोडणारें हलन्त चिन्ह, आणि ए, ऐ व झ हे वर्ण जातात. शिवाय चंद्रबिंदु, ऍ व ॐ हींहि जातात. काना, दोन्ही वेलांट्या, दीर्घ ऊकार, मात्रा, अनुस्वार व इतर व्यंजनें शाबूत राहतात. जुन्नरचें ‘जननर’ होतें, पुण्यांतील उकार व पायमोड दोन्ही जातात, आणि झांशीच्या आरंभीं व्यंजनाशिवाय नुसता काना लोंबत राहतो. ज्या यादींत दीर्घ ऊकार जागच्या जागीं आहेत पण ऱ्हस्व उकार एकहि नाहीं, तेथें लेखकाच्या अशुद्ध लेखनाची कल्पना करूं नये. तेथें वगळणारी आज्ञावली येऊन गेली असें समजावें.

आणखी महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पहिल्या टप्प्यानंतर उरलेले २२४ व १६५ हे दोन बाइट जपून ठेवले असते तर गेलेलें चिन्ह तर्कानें सिद्ध करतां आलें असतें. या जोडीनंतर हरवूं शकणारीं व मराठींत नित्य येणारीं चिन्हें दोनच, उकार आणि हलन्त. म्हणजे पाठ ‘कळमनुरी’ असेल किंवा ‘कळमन्री’; यांतून निवड करण्यास तालुक्याचा नकाशा पुरे. तुटक्या अक्षराची उरलेली मात्रा पाहून जसा आपण पाठ बसवितों तसेंच हें आहे. परंतु दुसऱ्या टप्प्यावर तीं उरलेलीं अवयवचिन्हेंहि निरर्थक म्हणून पुसलीं गेलीं, आणि तर्कास आधारच राहिला नाहीं.

(४)

न लागणारा बाइट भेटला असतां आज्ञावलीनें काय करावें याचे तीन प्रकार रूढ आहेत. पायथन भाषेंत त्यांचीं नांवें ‘स्ट्रिक्ट’, ‘रिप्लेस’ व ‘इग्नोर’ अशीं आहेत. इतर भाषांतहि नांवें बदलून हेच प्रकार सांपडतात. आपण त्यांस थांबणें, खूण करणें आणि वगळणें असें म्हणूं.

थांबणें ही पायथनची मूळ वृत्ति आहे. आज्ञावली ‘अपवाद’ उपस्थित करते, म्हणजे हातचें काम सोडून ज्यानें तिला बोलाविलें त्याच्याकडे प्रकरण पाठविते. त्यानें तें हातीं घेतलें नाहीं तर त्याच्या वरच्याकडे जातें. कोणीच हातीं घेतलें नाहीं तर सर्व काम बंद पडतें. जॉन गुडइनफ यांनीं १९७५ मध्यें या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यांतील एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: ज्याला अडचण आढळते त्याच्याजवळ ती सोडविण्यास लागणारी माहिती बहुधा नसते, ती त्याला काम सांगणाऱ्याजवळ असते. आपल्याकडील फडाची व्यवस्था याच तत्त्वावर होती. कारकुनास आंकडा लागला नाहीं तर त्यानें तो फडणिसापुढें ठेवावा. आपल्या अधिकारांत नवा आंकडा घालूं नये, आणि रकमेची ओळ गाळूं तर नयेच नये.

खूण करणें हा दुसरा प्रकार. न लागलेल्या जागीं युनिकोडांतील ६५५३३ क्रमांकाचें चिन्ह ठेवतात. काळ्या चौकोनांत पांढरें प्रश्नचिन्ह असें तें बहुधा छापलें जातें. येथें कांहीं तरी होतें एवढें वाचकास समजतें, हा याचा मोठा गुण. परंतु काय होतें हें मात्र समजत नाहीं. १२९ असो, १४१ असो, कीं तुटलेली जोडी असो, सर्वांची खूण एकच. म्हणजे कसरीनें खाल्लेलें, शाई फुटलेलें आणि मुद्दाम खोडलेलें अशा तीन निरनिराळ्या जागा एकाच फुलीनें दाखवाव्या तसें झालें. शिवाय ही खूणहि तीन बाइटांनींच लिहिली जाते; पुढचा नक्कलकार तिला चुकीच्या करारानें वाचूं लागला तर एका खुणेचीं तीन नवीं चिन्हें होतात, आणि तीं मूळ मजकुराचा भाग समजलीं जातात.

तिसरा प्रकार वगळण्याचा. याच्या समर्थनार्थ जें म्हटलें जातें तें उपेक्षणीय नाहीं, म्हणून तें नीट पाहूं. लक्षावधि नोंदींचें काम रात्रभर चालावयाचें असतें. एका खराब बाइटासाठीं तें पहाटे तीन वाजतां बंद पडावें हें कोणास परवडेल? एका अक्षरानें काय बिघडतें? शोधाच्या सूचींत एखादा शब्द कमी आला तरी ग्रंथ जागेवरच आहे. या म्हणण्यांतील शेवटचा भाग खरा आहे. जी सूचि केव्हांहि टाकून मूळावरून नव्यानें करतां येते तिच्यांत न लागलेलें अक्षर गाळलें तर हानि थोडी. परंतु जी प्रत पुढें मूळ म्हणून राहणार आहे तिला हा न्याय लावतां येत नाहीं. आणि व्यवहारांत या दोन प्रतींतील भेद कोणी पाळीत नाहीं, हेंच दुखणें आहे. आज सोईसाठीं केलेली प्रत उद्यां अस्सलाच्या जागीं बसते. कागद जीर्ण होतो, जुनी तबकडी वाचणारें यंत्र नाहींसें होतें, आणि वगळलेली प्रत तेवढी राहते.

वगळण्यांत आणखी एक धोका आहे. मधला तुकडा काढल्यानें दोन बाजूंचीं अक्षरें जवळ येतात व जो शब्द मूळांत नव्हता तो तयार होतो. या कारणासाठीं संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करणारेहि हा मार्ग निषिद्ध मानतात, कारण तपासणींत निरुपद्रवी ठरलेला मजकूर वगळल्यानंतर उपद्रवी होऊं शकतो. यूटीएफ-८ चें २००३ चें प्रमाणपत्रहि अशुद्ध क्रम शुद्ध समजून वाचण्याविरुद्ध वाचणाऱ्यानें बंदोबस्त केलाच पाहिजे असें बजावतें. इतिहासाच्या भाषेंत बोलावयाचें तर हा नुसता लोप नव्हे. लोपांतून उत्पन्न होणारा हा प्रक्षेप आहे.

उलट टोकाचें उदाहरणहि नमूद केलें पाहिजे. पीएचपी भाषेंत जालपृष्ठासाठीं मजकूर सुरक्षित करणारें जें साधन आहे तें ८.१ या आवृत्तीपूर्वीं, म्हणजे २०२१ पर्यंत, एकहि अशुद्ध बाइट आढळला तर सर्व मजकुराच्या जागीं कांहींच परत देत नसे, आणि अपवादहि उपस्थित करीत नसे. एका अक्षराला कसर लागली म्हणून सबंध बखर जाळावी, आणि जाळल्याचें कोणास सांगूं नये, असा हा प्रकार होता. त्या आवृत्तीपासून तेथें खूण करण्याची रीत मूळ म्हणून स्वीकारली गेली, ही योग्य सुधारणा होय.

(५)

थांबणें हेंच सदैव योग्य, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोहि एकांगी होईल. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियन-५ हें पहिलें अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें. त्याची दिशा मोजणाऱ्या यंत्रांत एक मोठी संख्या सोळा अंकस्थानांच्या जागेंत घालावयाची होती. त्या जागेंत ३२७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. संख्या मोठी निघाली, अपवाद उपस्थित झाला, आणि तो हातीं घेण्याची व्यवस्था तेथें नसल्यामुळें यंत्रानें स्वतःस बंद केलें. जोडीचें राखीव यंत्रहि त्याच कारणानें बंद पडलें होतें. चौकशी समितीच्या अहवालांतील पुढची गोष्ट आपल्या विषयास फार जवळची आहे: बंद पडणाऱ्या यंत्रानें दोषाची जी खबर पाठविली तीच मुख्य संगणकानें उड्डाणाचीं मापें समजून वाचली, आणि त्याप्रमाणें बाणाची दिशा बदलली.

समासांतील टीप पुढच्या लेखकानें मूळांत घेतली आणि ग्रंथ बिघडला, अशीं उदाहरणें पोथ्या पाहणाऱ्यांस सांगावयास नकोत. येथें तेंच घडलें. यावरून दोन गोष्टी निघतात. दोष कळविला पाहिजे. पण दोषाची खबर आणि मूळ मजकूर हीं एकाच वाटेनें, एकाच रूपांत जातां कामा नयेत. आणि थांबावयाचें तर किती थांबावें हेंहि आधीं ठरविलें पाहिजे. एक नोंद लागली नाहीं तर ती नोंद बाजूला काढावी. सर्व दफ्तराला कुलूप घालूं नये. कुलूप लागलें कीं माणसें कंटाळून वगळण्याची आज्ञा देतात, आणि कडकपणाचा शेवट ढिलाईंत होतो.

(६)

येथपर्यंत ज्यांत आज्ञावली अडते अशा जागांचा विचार झाला. परंतु जेथें ती मुळींच अडत नाहीं त्या जागा अधिक घातक आहेत. बाइटांची रांग नियमास धरून आहे यावरून मजकूर खरा आहे असें सिद्ध होत नाहीं. हा भेद न ओळखल्यामुळें ‘एकहि अपवाद आला नाहीं’ एवढ्यावर पुष्कळ कामें शुद्ध म्हणून खपतात.

युनिकोड रुळण्यापूर्वीं मराठी छपाईचें बहुतेक काम विशिष्ट टंकांवर होत असे. त्यांत संगणकाच्या दृष्टीनें मजकूर युरोपीय अक्षरांचाच असे. केवळ त्या अक्षरांच्या चित्रांच्या जागीं देवनागरी अवयवांचीं चित्रें बसविलेलीं असत. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यास आधीं दिसते म्हणून आधीं लिहिली जाई, आणि रफार नंतर दिसतो म्हणून नंतर. अशी फाइल टंकावांचून उघडली तर निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. पण बाइट सर्व शुद्ध, म्हणून अपवाद एकहि नाहीं. भाषांतराच्या कोष्टकांत एका टंकाऐवजीं दुसऱ्या टंकाचें कोष्टक घेतलें तरीहि यंत्र तक्रार करीत नाहीं. येथें मराठी जाणणाऱ्या माणसाची नजर हीच एक तपासणी.

दुसरें उदाहरण. डोंगरांतील ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतील भेद रकाराच्या रूपावर आहे. पहिल्यांतील आडवा रकार युनिकोडांत दोन प्रकारें लिहितां येतो. त्यांपैकीं एका प्रकारांत रकार व हलन्त यांच्यानंतर ८२०५ क्रमांकाचें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावें लागतें. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्या अदृश्य चिन्हें कचरा समजून काढून टाकतात. तसें झालें कीं सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. वाक्य व्याकरणानें बरोबर, अक्षरें शुद्ध, अपवाद नाहीं. आणि मावळांतील स्थळवर्णन कोंकणांत जाऊन पडतें.

तिसरें उदाहरण कळमनुरीचेंच आहे, आणि तें संगणकाहून जुनें आहे. निजामाच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी कामांतील फारसीची जागा उर्दूनें घेतली. उर्दूच्या लिपींत ट, ड व ड़ यांसाठीं निराळ्या खुणा केलेल्या आहेत, परंतु ळ साठीं केलेली नाहीं. तेथें लाम लिहावा लागतो. रोमन लिपींतहि ल हेंच अक्षर येतें. म्हणून जो संशोधक उर्दू कागदावरून किंवा इंग्रजी नकाशावरून हें नांव पुन्हा देवनागरींत आणील त्याच्या हातीं ‘कलमनुरी’ येईल. ल वाचला कीं लेखणी या अर्थाचा फारसी ‘कलम’ डोळ्यापुढें उभा राहतो, आणि त्यावर गांवाच्या उत्पत्तीची एक सुंदर कथा उभारण्याचा मोह होतो. स्थानिक उच्चारांतील ळ त्या कथेला आधार देत नाहीं. येथें कोणी खोडसाळपणा केलेला नाहीं. लिपींत जागा नव्हती म्हणून लेखकानें जवळचें अक्षर घेतलें. संगणकांतील कांहीं आज्ञावल्याहि असेंच, जें अक्षर लक्ष्य संकेतांत नाहीं त्याऐवजीं दिसावयास जवळचें अक्षर घालतात व त्यास सोय म्हणतात. ज्यानें ळ चा ल केला त्यानें ‘येथें ळ होता’ अशी टीप ठेवली नाहीं, तर एका अक्षराच्या जागीं एक खोटा इतिहास येऊं शकतो.

(७)

मोडीच्या संग्राहकांस या विषयाचा संबंध लवकरच प्रत्यक्ष येईल, किंबहुना आलाच आहे. मोडी लिपि २०१४ मध्यें युनिकोडाच्या ७.० या आवृत्तींत समाविष्ट झाली. मोडीचा क यूटीएफ-८ मध्यें २४०, १४५, १५२, १४२ अशा चार बाइटांनीं लिहिला जातो. परंतु मायएसक्यूएल या सर्वत्र वापरांत असलेल्या नोंद-भांडारांत ‘यूटीएफ-८’ या नांवानें जो संकेत पुष्कळ वर्षें चालला तो अक्षरास तीन बाइटांहून अधिक जागा देत नव्हता. चार बाइटांचा पुरा संकेत तेथें २०१० मध्यें निराळ्या नांवानें आला आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून मूळ म्हणून ठरला. जुन्या व्यवस्थेंत देवनागरी व्यवस्थित बसे, म्हणून कोणास संशय येत नसे. त्यांत मोडी घातली कीं कडक व्यवस्था असल्यास नोंद नाकारली जाई; ढिली असल्यास पहिल्या मोडी अक्षरापाशींच ओळ तोडून फक्त मागचा भाग ठेवला जाई, आणि एक सूचना दिली जाई, जी क्वचितच कोणी वाची. देवनागरी शीर्षकानंतर मोडी मायना आणि मग देवनागरी टिपण, अशी नोंद असेल तर शीर्षक तेवढें उरतें. ज्या संस्थांची भांडारें त्या काळांत रचलेलीं आहेत त्यांनीं मोडी नोंदी भरण्यापूर्वीं एक मोडी अक्षर घालून, परत काढून, चारहि बाइट मिळतात कीं नाहीं हें पाहून घ्यावें. तपासणी दोन मिनिटांची आहे.

(८)

मग योग्य रीत कोणती? ती नवीन शोधावयाची नाहीं. संपादनांत आपण पाळतों तीच यंत्राकडून पाळवून घ्यावयाची आहे. आलेली फाइल जशीच्या तशी, एक बाइटहि न बदलतां, अस्सल म्हणून बाजूला ठेवावी. वाचन नेहमीं कडक करावें. जी नोंद लागत नाहीं ती गाळूं नये व तिच्यासाठीं बाकीचें काम अडवूंहि नये. ती निराळ्या यादींत घालावी, आणि तेथें फाइलीचें नांव, कितवा बाइट, त्याचा आंकडा, आणि कोणत्या करारानें वाचण्याचा प्रयत्न केला, हें चारहि लिहावें. ‘कांहीं चूक झाली’ अशी मोघम नोंद ही नोंदच नव्हे. पंधराव्या स्थानीं १२९ हा आंकडा विंडोज-१२५२ करारानें लागला नाहीं, एवढें लिहिलेलें असेल तर जाणता मनुष्य कळमनुरी परत आणील.

जेथें अशुद्ध बाइट मजकुराबरोबरच पुढें न्यावे लागतात तेथें पायथनमध्यें २००९ पासून एक चौथा प्रकार उपलब्ध आहे. मार्टिन फॉन ल्योविस यांच्या सूचनेवरून तो ३.१ या आवृत्तींत आला. यांत न लागलेल्या प्रत्येक बाइटाला, कोणत्याहि खऱ्या अक्षराचा नसलेला असा, एक स्वतंत्र क्रमांक देतात. १२९ ला ५६४४९ हा येतो. फाइल पुन्हा लिहितांना त्या क्रमांकावरून मूळ बाइट जसाच्या तसा परत मिळतो. म्हणजे खूणहि झाली आणि पुरावाहि राहिला. कोणी हा क्रमांक शुद्ध यूटीएफ-८ म्हणून बाहेर पाठवूं लागला तर कडक आज्ञावली त्याला अडवते, आणि तें तसेंच असावें. संशयित पाठ निश्चित पाठाच्या वेषांत बाहेर पडूं नये. तीन रूढ प्रकारांत जो दोष दिसतो तो यांत नाहीं, म्हणून जतनाच्या कामांत आम्ही यास पहिलें स्थान देतों.

शेवटीं निर्णय कोणाचा, हा प्रश्न राहतो. ‘कळमनुरी’ कीं ‘कळमन्री’ हें सांगणें बाइट वाचणाऱ्या आज्ञावलीचें काम नव्हे. तिला गांवें ठाऊक नाहींत. तिचें काम एवढेंच कीं, अडलें तेथें अडलें म्हणून सांगावें आणि हातांत जें उरलें आहे तें न फेकतां वर द्यावें. वर बसलेल्या संपादकानें नकाशा, शेतवार पत्रकें व दप्तरें पाहून पाठ ठरवावा, तो कंसांत घालावा, आणि खालीं कारण द्यावें. आज्ञावलीनें वगळलें तर संपादकापुढें प्रश्नच येत नाहीं, आणि जो प्रश्न पुढें आला नाहीं त्याचें उत्तर कितीहि विद्वान मनुष्य देऊं शकत नाहीं. म्हणून संगणकीय याद्या करवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनें काम देतांना कारागिरास एक प्रश्न विचारावा आणि त्याचें उत्तर करारांत लिहवून घ्यावें: न लागलेलें अक्षर भेटलें तर तुमची आज्ञावली काय करते? ‘वगळते’ असें उत्तर आलें तर तें काम स्वस्त पडलें तरी घेऊं नये.